नातवंडासाठी पांघरूण: सुयांवर विणावं, क्रोशाने करावं की गोधडी शिवावी?

माझ्या तीन नातवंडांसाठी मी तीन तऱ्हेची पांघरुणं केली. थोरल्या नातीचं सुयांवर विणलेलं, मधल्या नातवाचं क्रोशाचं आणि धाकटीची गोधडी. थोरली आता ११ वर्षांची आहे, धाकटी ३. म्हणजे तिन्ही पांघरुणं भरपूर धुऊन झाली, ओढून झाली, त्यांच्यावर दूध-खिमट सांडून झालं. त्यामुळे ओळखीतली कुणी आजी होणार असली की मला हमखास फोन येतो, "काय करू गं? सुयांवर घेऊ की क्रोशाने? की आपली गोधडीच बरी?"

मी उलट तीन प्रश्न विचारते. बाळ कुठल्या हवेत वाढणार आहे? पांघरूण धुणार कोण, आणि कसं? आणि तुझ्या हातात आठवडे किती आहेत? रंग आणि नमुना यांच्याकडे नंतर वळायचं. हौसेने केलेलं पांघरूण देखणं होतंच. ते रोज वापरात राहील का, हा खरा प्रश्न आहे. धुताना खराब होईल अशी धास्ती बाळाच्या आईला वाटली, की ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जातं आणि मूल शाळेत जायला लागलं तरी तिथेच असतं.

मापाबद्दल माझं मत पक्कं आहे: ७५ बाय ९० सेंटीमीटर. मांडीवर, बाबागाडीत, सतरंजीवर अंथरायला, सगळीकडे हे माप चालतं आणि मूल तीन वर्षांचं होईपर्यंत अंगावरही पुरतं. "मोठेपणीही वापरता येईल" म्हणून पलंगाच्या मापाचं घेतलेलं पांघरूण अर्धवट राहिलेलं मी चार घरांत पाहिलं आहे. गोधडीला साडीच्या पन्ह्याप्रमाणे थोडं इकडेतिकडे करावं लागतं, बाकी खालचे सगळे हिशेब याच मापाचे आहेत.

झोपेबद्दल आधी एक सांगते

हे कुणी आजीला सांगत नाही, म्हणून मी सांगते. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा आहे की पहिलं वर्षभर बाळाच्या झोपायच्या जागेत सुटं पांघरूण, उशी, मऊ खेळणी काही ठेवू नये. पांघरूण तोंडावर आलं तर तान्ह्या बाळाला ते बाजूला सारता येत नाही. मुलगी किंवा सून परदेशात असेल तर हॉस्पिटलमधून घरी सोडतानाच तिला हे सांगितलेलं असतं. आपण तीन महिने खपून केलेलं पांघरूण ती पाळण्यात घालत नाही आणि आपल्याला वाईट वाटतं. माझ्या मुलीने मला फोनवर स्पष्ट सांगितलं, "आई, रात्री नाही घालणार. पण दिवसा सतत तिच्यासोबत असेल." मला ते पटायला दोन दिवस लागले. पण तिचं बरोबर होतं.

तेव्हा पहिल्या वर्षी हे पांघरूण कोणीतरी जवळ बसलेलं असतानाच वापरायचं: मांडीवर घेताना, जागं असताना पालथं ठेवायला खाली अंथरायला, गाडीत पायांवर टाकायला. या वापराचा विचार केला की निवड थोडी बदलते. खाली अंथरायला गोधडीसारखं दुसरं काही नाही. पायांवर टाकायला विणलेलं उत्तम.

सुयांवर विणलेलं

बाळाच्या अंगाला लागणारं सगळ्यात मऊ, ताण दिला की सैलावणारं आणि पुन्हा मूळ मापाला येणारं कापड सुयांवरच होतं. ते हलकंही असतं. मध्यम जाडीच्या लोकरीत हे माप ३५० ते ४०० ग्रॅममध्ये बसतं.

आता कष्टांचा हिशेब. ४ मिलिमीटरच्या सुयांवर मध्यम जाडीच्या लोकरीचे १० सेंटीमीटरला साधारण २२ टाके बसतात. ७५ सेंटीमीटर रुंदीला १६५ टाके घालायचे. सगळ्या सुया सुलट विणल्या तर १० सेंटीमीटर उंचीला ४० सुया, म्हणजे ४० ओळी, लागतात, म्हणजे ९० सेंटीमीटरला ३६०. गुणाकार केला तर ५९,४०० टाके होतात. मिनिटाला ३० टाके पडत असतील तर ३३ तास. रोज एक तास बसलं, मधले सणवार आणि पाहुणे धरले, तर सहा आठवडे सहज जातात. सवयीच्या हाताचा हा वेग आहे. तीस वर्षांनी पुन्हा सुया हातात घेत असाल तर दोन महिने धरा.

टाके घालण्याआधी १० सेंटीमीटरचा नमुन्याचा चौकोन विणून मोजा. कंटाळवाणं वाटतं, पण तुमचा हात सैल असेल आणि २२ ऐवजी २० टाके बसत असतील, तर तेच १६५ टाके साडेब्याऐंशी सेंटीमीटर होतील. लोकर शेवटी कमी पडेल आणि त्याच रंगाच्या दुसऱ्या लॉटची छटा हमखास वेगळी निघते.

सुयांच्या नंबरात एक खड्डा आहे. आपल्याकडच्या सुया जुन्या ब्रिटिश नंबरांवर चालतात, त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. आपली ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची. अमेरिकन नंबर उलटे चालतात, तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची. व्हिडिओ बघून विणणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीचं पांघरूण यामुळेच घट्ट, जवळपास पायपुसण्यासारखं झालं. नंबर विसरा, मिलिमीटर बघा.

नमुना कुठला? मी म्हणेन, सगळ्या सुया सुलट. एक सुई सुलट, एक उलट असं विणलं तर कापड दिसायला गुळगुळीत होतं, पण कडा गुंडाळत जातात. मग चारी बाजूंनी वेगळी पट्टी विणावी लागते. सगळं सुलट विणलेलं दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं, सपाट पडतं आणि गप्पा मारता मारता विणता येतं. टाके मोजायचा कंटाळा असेल तर कोपऱ्यापासून तिरकं विणा. तीन टाके घालायचे, प्रत्येक सुईच्या सुरुवातीला एक टाका वाढवायचा, आणि निम्मी लोकर संपली की प्रत्येक सुईला एक टाका कमी करत पुन्हा तीनवर यायचं. चौरस पांघरूण तयार होतं. निम्मी लोकर संपली का, हे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कळतं. नव्याने शिकणारीला मी नेहमी हेच सांगते.

सुयांवरच्या कामाचा मोठा धोका म्हणजे निसटलेला टाका. १६५ टाके सुईवर जिवंत असतात. एक निसटला आणि लक्षात आलं नाही तर तो शिडीसारखा खाली उसवत जातो. क्रोशाच्या बारीक सुईने तो एकेक पायरी वर आणता येतो, पण ते शिकून घ्यायला हवं. घरात लहान मूल असेल, उठबस जास्त असेल, तर प्रत्येक वेळी सुई पूर्ण करूनच काम खाली ठेवा.

क्रोशाचं

क्रोशात एका वेळी एकच टाका जिवंत असतो. काम अर्धवट टाकून दार उघडायला गेलात, दूध उतू जाताना धावलात, तरी बिघडत नाही. चूक झाली तर ओढायचं, उसवायचं, पुन्हा सुरू. ज्यांच्या घरात सलग अर्धा तास मिळत नाही त्यांनी क्रोशाच घ्यावा.

वेळही कमी लागतो. ४ मिलिमीटरच्या सुईने १० सेंटीमीटरला १६ खांब (क्रोशाचे उंच टाके) आणि उंचीला ९ च्या आसपास ओळी होतात. म्हणजे या मापाला १२० खांबांच्या ८० ओळी, एकूण ९,६०० खांब. एक खांब करायला टाक्यापेक्षा जास्त वेळ लागतो हे खरं, पण मिनिटाला ९ खांब धरले तरी १८ तासांच्या आत काम होतं. सुयांच्या जवळजवळ निम्मं. लोकर मात्र जास्त जाते. याच मापाला मी ५०० ग्रॅम आणून ठेवते.

तोटा काय? कापड सुयांवरच्यापेक्षा जाड आणि थोडं ताठ होतं. ते मऊ करायला थोडी जाड सुई घ्यावी तर भोकं मोठी होतात. भोकांबद्दल मी फार काटेकोर आहे. जाळीच्या सुंदर नमुन्यात बाळाची करंगळी, पायाचं बोट अडकतं. सुटा धागा बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्त अडू शकतं आणि तान्हं बाळ का रडतंय हे कळतही नाही. लोकरीचेच कशाला, लांब केससुद्धा असे गुंडाळले जातात. म्हणून तान्ह्यासाठी जाळी, झालर, गोंडे काही नको. मुके खांब, म्हणजे बुटके टाके, आणि खांब, बस्स. कमळं आणि शिंपले मूल चालायला लागल्यावर करा.

नातवासाठी मी छोट्या चौकोनांचं पांघरूण केलं. फार हौस होती मला त्या रंगीत चौकोनांची. १० सेंटीमीटरचे ६३ चौकोन, ७ बाय ९. प्रवासात, बँकेच्या रांगेत, दवाखान्यात, कुठेही पिशवीतून काढून एक चौकोन होतो. ६३ चौकोन केव्हा झाले कळलंही नाही. मग त्यांची चळत समोर ठेवून बसले आणि कळलं की प्रत्येक चौकोनात तीन रंग, म्हणजे सहा शेंडे, धाग्याची सुटी टोकं. ३७८ शेंडे जाड सुईने आत वळवायचे होते. त्यात पाच दुपारी गेल्या आणि जोडकामात आणखी चार. तुम्ही चौकोन करणार असाल तर शेंडे त्या त्या चौकोनासोबतच वळवून टाका, आणि कात्रीने अगदी जवळ कापू नका. बोटभर धागा निरनिराळ्या दिशांनी फिरवून आत घेतला तरच तो धुण्यात सुटत नाही.

पण त्या चौकोनांनीच पुढे वाचवलं. नातू दीड वर्षाचा असताना पांघरूण तीनचाकीच्या चाकात अडकलं आणि एका कोपऱ्याच्या चिंध्या झाल्या. मी तीन चौकोन नवे केले, जुने उसवून काढले, नवे बसवले. सुयांवरच्या पांघरुणात ही दुरुस्ती इतकी सोपी नाही.

इथेही भाषेचा एक खड्डा आहे. आपला मुका खांब म्हणजे अमेरिकन नमुन्यातला सिंगल क्रोशे आणि ब्रिटिश नमुन्यातला डबल क्रोशे. आपला साधा खांब म्हणजे अमेरिकन डबल आणि ब्रिटिश ट्रेबल. नमुना कुठल्या देशाचा आहे ते बघितल्याशिवाय सुरुवात करू नका.

एक गोष्ट मला क्रोशाबद्दल फार आवडते. सुयांसारखं विणकाम यंत्रावर होतं, दुकानातले सगळे स्वेटर तसेच असतात. क्रोशाचा खरा खांब अजून हातानेच घालावा लागतो.

गोधडी

माझं माहेर सांगलीकडचं. तिकडे गोधडीला वाकळ म्हणतात, आणि तान्ह्या बाळाची ती छोटी गोधडी म्हणजे दुपटं. बाळंतविड्यात झबली, टोपडी, कुंची आणि दुपटी. आमच्या घरी बारशापर्यंत बाळाच्या अंगाला कोरं कापड लावत नसत. त्यात शहाणपण होतं: जुन्या सुती कापडातली खळ निघून गेलेली असते, सुटणारा रंग कधीच सुटलेला असतो आणि शंभर धुण्यांनी धागा मऊ झालेला असतो.

साहित्याचा हिशेब फार सोपा आहे. साडेपाच मीटरची सुती साडी सहा पदरी दुमडली की साधारण ९० बाय ११० सेंटीमीटर होते. एका साडीत सहा पदरी एक गोधडी, किंवा तीन पदरी दोन दुपटी. मुंबई-कोकणच्या हवेला तीन पदर पुरतात. पुणे, नाशिकच्या थंडीला सहा.

साडी निवडताना आधी दोन्ही अंगठ्यांनी कापड ताणून बघा. टरकन फाटलं तर ते विरलेलं आहे, आतल्या पदरात घाला. वर-खाली मजबूत कापड हवं. जरीचे काठ पूर्ण कापून काढा, जर टोचते. पॉलिएस्टर मिसळलेली साडी घेऊ नका, तिच्यात घाम जिरत नाही. मग सगळं कापड गरम पाण्यातून दोनदा काढून उन्हात वाळवा, म्हणजे जे आटायचं ते आधीच आटेल.

धाकटी झाली तेव्हा मी माझ्या आईचं लुगडं काढलं. हिरवं, लाल काठाचं, मधोमध इतकं विरलेलं की उजेडात धरलं तर पलीकडची खिडकी दिसत होती. ते आत गेलं. वर माझी स्वतःची एक फिकट निळी साडी. जमिनीवर पसरून कोपऱ्यांवर पितळी डबे ठेवले. मधून बाहेर असे कच्चे टाके घालत सगळे पदर एकत्र टाचले. झोळ राहिला तर तो इथेच काढायचा, नंतर जात नाही. मग कडेपासून धावदोरा सुरू, बोटभर अंतर ठेवून फेऱ्या मारत आत आत यायचं. आता माझ्या डोळ्यांना सुईत दोरा ओवणं जमत नाही. थोरली नात सुट्टीत आली होती. तिने एका वेळी दहा सुया ओवून अंगाच्या साबणाच्या वडीत टोचून ठेवल्या. साबणामुळे सुई पदरांतून लोण्यातून गेल्यासारखी जाते, ही युक्ती माझ्या आईची. नात विचारत होती, "आजी, हे हिरवं कापड आत का लपवतेस?" मी म्हटलं, "ते तुझ्या पणजीचं आहे, थकलंय आता. बाकीच्यांनी त्याला सांभाळायचं."

दोन सेंटीमीटरवर एक ओळ धरली तर ५५ ओळी, म्हणजे ५० मीटर धावदोरा. मिनिटाला १० सेंटीमीटर या गतीने सव्वाआठ तास. कापड तयार करणं, टाचणं, कड दुमडणं धरून १२ तास. तिन्हींमध्ये सगळ्यात झटपट. गाठी बाहेर ठेवू नका, सुई पदरांच्या मधून घालून गाठ आत ओढून घ्या. बाळ पहिल्यांदा तोंडात घालतं ते कोपरेच.

उणं काय, तर पाऊस. सहा पदरी गोधडी कोकणातल्या आषाढात दोन-दोन दिवस दमट राहते आणि कुबट वास धरते. तिथे तीन पदरांची दोन करा, एक वाळत असताना दुसरी वापरता येते. आणि गोधडी अंगावर लोकरीसारखी बिलगत नाही, थोडी पसरून राहते. कडाक्याच्या थंडीत नुसती गोधडी पुरणार नाही.

जाता जाता घोंगडीबद्दल, कारण दोन जणींनी विचारलं होतं. सणगर विणकरांची दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी ही जन्मभर टिकणारी वस्तू आहे आणि ती विकत घेऊन घरात जरूर ठेवा. पण ती लोकर भरड असते. तान्ह्याच्या कातडीला ती सोसणार नाही.

लोकर कुठली घ्यायची

इथे मी माझी सगळ्यात मोठी चूक सांगते. थोरल्या नातीसाठी मी पहिल्यांदा मेरिनो मेंढीची शुद्ध लोकर घेतली होती. महाग, बोटांना रेशमासारखी. दोन महिने विणलं आणि मुलीकडे न्यूजर्सीला घेऊन गेले. मी परत आल्यावर पंधरा दिवसांनी मुलीचा फोन आला, आवाज रडवेला. घाईच्या एका सकाळी पांघरूण बाकीच्या कपड्यांबरोबर गरम पाण्याच्या मशीनमध्ये गेलं आणि ड्रायरमधून निघालं तेव्हा नमद्यासारखं घट्ट झालं होतं, एक टाकाही वेगळा दिसत नव्हता. मेंढीच्या लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात. गरम पाणी आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटतं. एकदा झालं की परत येत नाही. दोष मुलीचा नव्हताच. महिनाभर झोप न झालेल्या आईला पांघरूण वेगळं काढून गार पाण्यात हाताने धू, पिळू नकोस, सपाट वाळव, हे सांगणंच चुकीचं होतं. ते आटलेलं पांघरूण नातीच्या बाहुलीच्या पलंगावर अजून आहे. तिच्यासाठी मी दुसरं विणलं, ॲक्रिलिकचं, म्हणजे कृत्रिम धाग्याचं.

ॲक्रिलिक मशीनमध्ये धुता येतं, लवकर वाळतं, कसर लागत नाही, स्वस्त मिळतं. त्याच्यात घाम मात्र जिरत नाही आणि घासलं की गोळे येतात. ते गरमीने वितळतं, म्हणून इस्त्री अजिबात नाही, ड्रायर अगदी मंद. आणि बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी, धुरी करणार असाल तर ॲक्रिलिक तिथून दूर. वितळलेला धागा कातडीला चिकटतो.

मशीनमध्ये धुता येईल अशी प्रक्रिया केलेली मेरिनोही मिळते, वेष्टनावर सुपरवॉश असं लिहिलेलं असतं. बर्फाच्या गावी पाठवायचं असेल आणि पैसे खर्च करायची तयारी असेल तर तीच घ्या. लोकर थोडी ओलसर झाली तरी ऊब देते, हे ॲक्रिलिकला जमत नाही.

आपल्या हवेला मला सुती दोरा आवडतो. नातवाचं पांघरूण सुतीच आहे, तो ठाण्याला राहतो. वजन मात्र वाढतं, ते ६५० ग्रॅम भरलं. सुती विणकाम ओलं असताना दोरीवर लटकवलं की स्वतःच्या वजनाने लांब होतं. आडव्या दोन दोऱ्यांवर पसरून वाळवा.

तुमचे हात, डोळे, गुडघे

हे कुठल्याच नमुन्याच्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर क्रोशा जपून, सगळा जोर एकाच हातावर येतो. सुयांवर दोन्ही हातांत काम वाटलं जातं, पण लांब सरळ सुयांवर पांघरूण वाढत गेलं की त्याचं वजन मनगटांना ओढतं. त्यावर उपाय म्हणजे केबलने जोडलेल्या गोल सुया. पांघरूण मांडीवर विसावतं, हातात फक्त टोकं राहतात. मी आता सरळ सुया पांघरुणाला वापरतच नाही.

गोधडीला गुडघे लागतात. जमिनीवर बसणं बंद झालं असेल तर टाचण्यापुरतं जेवणाचं टेबल वापरा. एकदा टाचून झालं की खुर्चीत बसून मांडीवर घेऊन शिवता येतं. मधल्या बोटाला अंगुस्तान घाला, सहा पदरांतून सुई ढकलताना बोट सोलवटतं. तेवढंही जमणार नसेल तर घरच्या साड्या घेऊन गोधडी शिवून देणाऱ्या बायका गावोगावी आहेत. कापड तुमचं आणि चारी बाजूंची कड तुम्ही दुमडून शिवलेली, एवढं पुष्कळ झालं.

मोतीबिंदूची तक्रार असेल तर तिन्ही प्रकारांत गडद रंग टाळा. गडद निळ्या लोकरीत निसटलेला टाका रात्रीच्या दिव्याखाली दिसत नाही.

मग तुम्ही काय करावं

डोहाळजेवण सातव्या महिन्यात झालं आणि त्या दिवशी हौस आली, तर हाताशी आठ-दहा आठवडे असतात. सुयांवरचं पांघरूण त्यात बसतं. बाळ यायच्या आधी काही करू नये असं तुमच्या घरात मानत असतील तर जन्म ते बारसं हे १२ दिवस उरतात, आणि तेवढ्यात गोधडीच होते. रोज एक तास.

अमेरिका, कॅनडा, युरोपात नातवंड असेल तर मी सुयांवर, साधं सुलट, ॲक्रिलिक किंवा मशीनमध्ये चालणारी मेरिनो सांगेन. सामानात वजनही कमी. सोबत तीन पदरी दुपटं जमिनीवर अंथरायला न्यावं, ते तिथल्या मशीनमध्ये आणि ड्रायरमध्ये बिनधास्त जातं. मुंबई, कोकण, गोव्याला सुती क्रोशा किंवा तीन पदरी गोधडी. लोकर तिथे नकोच, कितीही मोह झाला तरी. पुणे, नाशिक, विदर्भात थंडीचे दोन-तीन महिने लोकरीचं वापरलं जातं, बाकी वर्षभर गोधडी. तेव्हा एकच करायचं असेल तर गोधडी करा.

आयुष्यात पहिल्यांदाच सुई हातात घेणार असाल तर गोधडीच घ्या. वाकडातिकडा धावदोरा तिला शोभतो. वाकड्या टाक्यांचं विणकाम शोभत नाही. आणि जिला विणायला मनापासून आवडतं, संध्याकाळी टीव्हीसमोर जिचे हात रिकामे राहत नाहीत, तिने ५९,४०० टाक्यांना घाबरू नये. त्या टाक्यांबरोबर बाळाची वाट पाहणं होतं. ते दोन महिने माझ्या आठवणीत फार चांगले राहिले आहेत, पांघरूण आटलं तरी.

तिन्हींपैकी काहीही करा, देताना सोबत एक छोटी पिशवी द्या. तिच्यात २० ग्रॅम उरलेली लोकर किंवा साडीचे दोन तुकडे, एक जाड सुई आणि चिठ्ठी: धागा कुठला, पाणी गार की गरम, ड्रायर चालेल की नाही. चिठ्ठी कागदावर लिहिली तर हरवते. मी आता पांढऱ्या सुती फितीवर साध्या टाक्याने चार शब्द भरते आणि ती फीत पांघरुणाच्या मागच्या कोपऱ्याला चारी बाजूंनी शिवून टाकते. धाकटीच्या गोधडीवर लिहिलं आहे, "गरम पाणी चालेल. ऊन द्यावं."